प्रात्यक्षिकात नापास झाले, तेव्हा शिट्टी कळली

राज्य पंच परीक्षेचा लेखी पेपर मला सोपा गेला. २४ सेकंदांत शॉट, ८ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची, ५ फाउल झाले की खेळाडू बाहेर. इतकी वर्षं बास्केटबॉल खेळल्यावर हे तोंडपाठच असतं. नापास झाले ती प्रात्यक्षिकात.

नागपुरात १७ वर्षांखालच्या मुलींचा सामना होता. जिथे हात लागला तिथे माझी शिट्टी. पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन्ही संघांचे चार-चार फाउल भरले आणि पाचव्यापासून फ्री थ्रोंची, म्हणजे कुणी न अडवता बास्केटमध्ये टाकायच्या चेंडूंची, रांग लागली. मुली नुसत्या लेनच्या, म्हणजे बास्केटसमोरच्या आखलेल्या पट्ट्याच्या, कडेला उभ्या. सामन्यानंतर परीक्षक सरांनी नियमपुस्तक उघडलं आणि पंचांच्या कर्तव्यांच्या कलमावर बोट ठेवलं: धक्क्याने कुणाचा फायदा, कुणाचं नुकसान झालं ते तोलावं, किरकोळ धक्क्यासाठी खेळ विनाकारण थांबवू नये. "तू हात बघतेस," सर म्हणाले, "हात लागल्यावर पुढे काय झालं ते बघत नाहीस."

पुढचे काही महिने मिळतील तेवढे शाळांचे सामने केले. शिट्टी दातांत, पण फुंकर रोखलेली. चाल कुठून सुरू झाली, मध्ये काय झालं, कुठे संपली, हे सगळं बघून मग निर्णय. ड्रिबल करत घुसणाऱ्या मुलीच्या खांद्याला खांदा घासला, पण तिचा वेग आणि तोल टिकला, तर खेळू द्यायचं. तोल गेला, चेंडू निसटला, तर फाउल. या सगळ्याला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो.

मध्ये मी दुसऱ्या टोकाला गेले. खेळ वाहता ठेवायचा म्हणून पहिली ५ मिनिटं सगळंच सोडलं. मुलींनी ते लगेच ओळखलं. कमरेवर हात, मग ढकलणं, आणि शेवटी उडी मारून शॉट घेतलेली एक मुलगी समोरचीच्या पायावर उतरली. तिचा घोटा माझ्या डोळ्यांदेखत सुजला. ते मी आजही विसरले नाही. उतरायची जागा अडवली की शिट्टी, तिथे थांबणं नाही. ड्रिबलरच्या कमरेवरचा हातही सुरुवातीलाच पकडते. दोनदा पकडला की मुली स्वतःच हात आवरतात आणि पुढचा खेळ मोकळा होतो. बाकी बरंच काम बोलून होतं. "सात नंबर, लेनमधून बाहेर" एवढं वेळेवर म्हटलं तर लेनमध्ये ३ सेकंदांहून जास्त थांबल्याची शिट्टी वाचते.

दुसऱ्या प्रात्यक्षिकात शेवटचं मिनिट, २ गुणांचा फरक. मी बास्केटखाली. बचाव करणारी मुलगी आपल्या जागेत सरळ वर उडाली, हात उभे, आणि आक्रमण करणारी तिच्या छातीवर आदळली. बाकावरून ओरडा झाला, "मॅडम, फाउल!" मी शिट्टी वाजवली नाही. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, पलीकडच्या संघाला गेला आणि आम्ही सगळे दुसऱ्या टोकाकडे धावलो.

पास झाले. सध्या १४ वर्षांखालचे सामने करते. तिथे ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू न टप्पा देता टाकलेली जास्तीची पावलं, किती पकडायचं, हा अंदाज मला अजून नीट बसलेला नाही.