तुम्ही विचारलंत म्हणून: आधी सपाटी, मग घाट

सायकलनं सिंहगड चढून उतरलं की पायथ्याशी आमचा कंपू ताक प्यायला थांबतो. तिथं गेली काही वर्षं एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, एकदा युरोपात सायकल चालवायची आहे. रजा आठ-दहा दिवसांचीच मिळेल. कुठं जाऊ? आल्प्सच करू ना?" विचारणारी मंडळी बहुतेक तिशी-चाळिशीतली, रविवार न चुकवणारी, आणि टूर द फ्रान्स बघून बघून तिथल्या घाटांची नावं तोंडपाठ झालेली. ताकाचा ग्लास हातात धरून मी दर वेळी अर्धवट काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटतं, मुख्य गोष्ट राहूनच गेली. म्हणून हे लिहून ठेवते.

मायोर्काला जा.

मायोर्का हे स्पेनचं भूमध्य समुद्रातलं बेट. क्षेत्रफळ साधारण 3,640 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षा थोडंसं लहान (गोवा 3,702). एवढ्याशा जागेत वायव्येला समुद्रालगत त्रामुंताना डोंगरांची सरळ भिंत, मधे सपाट शेती, पूर्वेला बुटक्या टेकड्या आणि चारी बाजूंनी किनारा. त्रामुंतानाचं सर्वांत उंच शिखर, पुच माजोर, कळसूबाईपेक्षा दोनेकशे मीटरनं कमी आहे. आल्प्समधले उंच घाट मे संपेपर्यंत, कधी जूनपर्यंत बर्फामुळे बंद असतात आणि उघडले तरी एकेका घाटात अख्खा दिवस जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं आठ दिवसांची रजा त्यावर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मायोर्कात तुम्ही एकाच गावात मुक्काम ठोकून रोज वेगळ्या दिशेला निघालात तरी रोज वेगळा मुलूख भेटतो. उत्तरेला पोयेन्साचं बंदर किंवा अल्कुदिया, या दोनांपैकी एक ठिकाण मुक्कामाला धरा. तिथून डोंगरही जवळ आणि सपाटीही.

आता खरं सांगायचं ते हे, की पहिल्या दिवशी डोंगराकडे जाऊ नका.

2017च्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी सा कालोब्राच्या घाटाला गेले होते. सायकल भाड्याची. चढाला हलकं जावं म्हणून मागे जास्त दात्यांचं चक्र हवं, असं मी दुकानाला आधी कळवलं होतं. मिळाली ती 25 दात्यांची. घ्यायच्या वेळी मी मोजून बघायला हवं होतं, ते राहिलं. घाट चढून आले, पण संध्याकाळी उजवा गुडघा इतका सुजला की जिना उतरता येईना. तिसरा दिवस खोलीत गेला. चौथ्या दिवशी सायकल बदलून घेतली आणि चढ नको म्हणून नकाशावर सगळ्यांत सपाट दिसणाऱ्या भागाकडे, बेटाच्या मध्याकडे निघाले. ती सक्ती होती. पण त्या तीन दिवसांमुळेच मी पुढे 2019 आणि 2023 मध्ये पुन्हा गेले.

बेटाच्या या मधल्या भागाला तिथले लोक 'एस प्ला' म्हणतात, म्हणजे सपाटी. गावागावांना जोडणारे जुने शेतरस्ते आता डांबरी झालेत, पण रुंदी तीच राहिली आहे. एक मोटार जेमतेम जाईल एवढी. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या दगडी भिंती. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, हा आपला गडगाच. भिंतीपलीकडे तांबडी माती, बदामाच्या रांगा, त्यांच्या सावलीत गळ्यात घंटा बांधलेल्या मेंढ्या. एप्रिलमध्ये गव्हाच्या हिरव्या शेतांत पॉपीची लाल फुलं पेटलेली असतात. बदामाचा बहर बघायचा तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. झायलेला नावाच्या जिवाणूनं अलीकडे तिथली बदामाची खूप झाडं वाळवून टाकली. 2023 ला गेले तेव्हा ओळखीच्या एका वळणावरची अख्खी रांग करड्या खोडांची झालेली पाहिली, आणि घरातलं कुणी आजारी असावं तसं वाटलं.

त्या चौथ्या दिवशी एका वळणावर एक म्हातारे गृहस्थ पडलेला गडगा पुन्हा रचत होते. हातात लहानसा हातोडा. एक दगड उचलायचा, तळहातावर फिरवायचा, ठेवून बघायचा, काढायचा, बाजू बदलून परत ठेवायचा. बसला की मागच्या फटीत बारीक कपची सारायची आणि हाताच्या तळव्यानं दगड हलवून बघायचा. हलला तर पुन्हा पहिल्यापासून. मी भिंतीला सायकल टेकवणार तोच त्यांनी बोटानं 'नको' म्हटलं आणि समोरचं झाड दाखवलं. झाडाला टेकवून दहा मिनिटं बघत उभी राहिले. तेवढ्यात सहा दगड बसले. ही बिनचुन्याची बांधणी 2018 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, स्पेनसह आठ देशांच्या नावावर. हे मला नंतर समजलं. त्या दिवशी एवढंच समजलं की परवा ज्या घाटात मी गुडघा दुखवून घेतला, तिथले बांधही असेच कुणीतरी एकेक दगड फिरवून बघत बसवले असणार. त्यानंतर मी त्या बेटावर भिंतीला कधीच सायकल टेकवली नाही.

सपाटीत दोन गावं चुकवू नका. एक पेत्रा. चौकात कॅफे, त्यांच्यापुढे सायकलींची रांग आणि टेबलाटेबलावर ताज्या संत्र्याच्या रसाचे ग्लास. पुढे कॅलिफोर्नियात मिशन उभारणारे पाद्री हुनिपेरो सेर्रा इथलेच, जन्म 1713 चा. दुसरं सिनेऊ. तिथं बुधवारी आठवडी बाजार भरतो, कोंबड्या, मेंढरं, भाजी, चामड्याच्या वस्तू, सगळं. तो बुधवार डोंगराला देऊ नका. सपाटीत मधेच एकट्या उभ्या टेकड्याही आहेत, माथ्यावर मठ असलेल्या. फेलानित्शजवळचा सांत साल्वादोर 509 मीटरचा, रांदा 542 मीटरचा. पायांत किती जोर आहे ते बघायला या टेकड्या पुरतात, आणि नाही जमलं तर मागे वळायला लाज नाही. वाऱ्याला मात्र हलकं समजू नका. सपाटीत आडोसा नसतो. एखाद्या दिवशी समोरचा वारा घाटापेक्षा जास्त दमवतो.

असे तीन दिवस पायांत मुरले की मग सा कालोब्रा.

पोयेन्साकडून निघून आधी फेमेनिया खिंड चढायची, पुढे ल्युकचा मठ, मग पाण्याच्या जुन्या कमानीपाशी मुख्य रस्ता सोडून उजवीकडे. थोडं चढून 682 मीटरवरच्या खिंडीत पोचलात की खाली समुद्रापर्यंत साडेनऊ किलोमीटरचा उतार. इथं आपल्या सवयीच्या उलट आहे. गड आधी चढायचा आणि मग उतरायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. इथं आधी उतरायचं आणि मग चढायचं, कारण खाली दुसरा रस्ताच नाही. उतरताना प्रत्येक वळण सुंदर दिसतं आणि प्रत्येक वळण परत चढायचं आहे हेही माहीत असतं. सरासरी चढ सात टक्क्यांचा. लांबी आणि उंची दोन्ही सिंहगडाच्या घाटाच्या जवळपास, तेव्हा सिंहगड चढणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही.

हा रस्ता अंतोनिओ पारिएत्ती या अभियंत्यानं आखला आणि 1932 साली तो पूर्ण झाला. एकही बोगदा नाही. डोंगराच्या अंगानं रस्ता वळवत वळवत नेला आहे, आणि एका ठिकाणी तर तो जवळजवळ पूर्ण गोल फिरून स्वतःच्याच खालून जातो. त्या वळणाचं नाव 'नेकटायची गाठ'. चढताना मी तिथं पुलावर थांबले होते. वर पाहिलं तर पुढचे सायकलवाले, खाली पाहिलं तर मागचे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, फक्त श्वास आणि साखळीचा आवाज.

उतरण्याबद्दल एक महत्त्वाचं. माझ्या पुण्याच्या सायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे. तिथं पुढचा डाव्या हाताला मिळाला. रस्त्याची बाजूही उलटी, उजवीकडून चालवायचं. घाबरल्यावर हात विचार करत नाही, सवयीचं तेच दाबतो. म्हणून दुकानाबाहेरच्या रिकाम्या जागेत अर्धा तास फक्त ब्रेक मारून बघा, नाहीतर दुकानाला सांगून ब्रेक बदलून घ्या. सपाटीचे पहिले तीन दिवस यासाठीसुद्धा हवेतच.

फोर्मेन्तोरचा रस्ताही पारिएत्तीचाच. पोयेन्साच्या बंदरापासून उत्तर टोकावरच्या दीपगृहापर्यंत वीसेक किलोमीटर, सतत वरखाली. भल्या सकाळी जा. उन्हाळ्यात दिवसा तिथं खासगी मोटारींना बंदी असते, पण उन्हाळ्यात जाऊच नका. मार्च ते मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हाच हंगाम. पश्चिमेला बान्याल्बुफारची समुद्रापर्यंत उतरत गेलेली पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे, तिच्यासाठी एक दिवस मोटारीनं सायकल नेऊन सुरुवात करावी लागली तरी करा. त्रामुंतानाला 2011 साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली ती अशा माणसानं घडवलेल्या डोंगरउतारांमुळे.

आणि माझा सगळ्यांत लाडका रस्ता, सोयेरचा जुना घाट. 1997 साली डोंगराखालून बोगदा झाला, 2017च्या डिसेंबरात त्याचा टोलही गेला, आणि मोटारी तिकडून जायला लागल्या. आपला कात्रजचा जुना घाट आठवा, फक्त त्याहून खूप शांत. चढ पाच-सहा टक्क्यांचा, वळणांवर वळणं, ऑलिव्हची पिळवटलेली जुनी खोडं. एप्रिलमध्ये सोयेरच्या बाजूनं चढताना खालच्या बागांमधून संत्र्याच्या मोहराचा वास पहिली कितीतरी वळणं सोबत येतो.

बाकीचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा लागतो. मुंबईहून सरळ विमान नाही. युरोपातल्या एखाद्या शहरातून पाल्मा, म्हणजे बेटाची राजधानी गाठायची, किंवा बार्सिलोनाहून रात्रीची बोट. सायकल इथून न्यायची गरज नाही, पण मागे किमान 32 दाते आहेत का ते स्वतः मोजा. गावाबाहेर हेल्मेटची सक्ती आहे. तिथल्या कायद्यानं मोटारीनं सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावं लागतं, आणि ते सोडतात. घाटात मागून आलेली बस तीन वळणं माझ्या मागे शांत चालत राहिली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. शाकाहारी असाल तर 'एन्साइमादा' या गोल गोड पावापासून सावध. 'साइम' म्हणजे डुकराची चरबी, नावातच ती आहे. पावावर टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घातलेलं 'पा आंब ओली' सगळीकडे मिळतं. 'तुंबेत' नावाची वांगी-बटाटा-ढोबळी मिरचीची भाजी तर आठवड्यात तीनदा खाल्ली तरी कंटाळा येत नाही.

परतीचं विमान शक्यतो रात्रीचं घ्या. दुकानात सायकल संध्याकाळी द्यायची असते, आणि सकाळी निघालात तर शेतरस्त्यांनी पेत्राला जाऊन, रस पिऊन, दुपारपर्यंत आरामात परत येता येतं.