माणुसकीची भिंत, पण ती नक्की कुणाची? : माझा अनुभव

एका भिंतीवर बारा खुंट्या ठोकायला आम्हाला साडेतीन महिने लागले. भिंत आधीपासून उभी होती, खुंट्या सुताराने फुकट दिल्या, हातोडी माझ्या घरची. बाकी सगळा वेळ सरकारी टेबलांवर गेला आणि त्यातला निम्मा "भिंत आमची नाहीच" हे ऐकण्यात.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवतो. पाच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही माझ्याकडे आहे. एनएसएस म्हटलं की लोकांना वृक्षारोपण आठवतं, त्याच खड्ड्यात दरवर्षी नवं रोप. पोरं वर्षाचे १२० तास भरतात, सात दिवसांच्या शिबिरात पिठलं-भात खातात आणि प्रमाणपत्र घेऊन जातात. यंदा जूनच्या बैठकीत एस.वाय.ची एक मुलगी म्हणाली, "सर, कोल्हापूरला दिवाळीत माणुसकीची भिंत असते, तशी आपण करू. नको असेल ते द्या, हवं असेल ते न्या." ही कल्पना मूळची इराणमधल्या मशहदची, २०१५ सालची. तिथल्या थंडीत कुणीतरी भिंतीला आकडे लावून असंच वाक्य लिहिलं होतं. आमच्याकडे थंडीचं कारण वेगळं. दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात आणि पहाटे धुक्यात उघडी पोरं शेकोटीजवळ बसलेली दिसतात. बाजाराच्या दिवशी टोळ्यांतल्या बायका गावात येतात. म्हणून बाजाराच्या मागची लांब भिंत निवडली. कपडे, मुलं, वेळापत्रक हे सगळं आठवड्याभरात जमलं.

मग अर्ज. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या लेटरहेडवर लिहिला, प्राचार्यांची सही घेतली आणि नगरपालिकेत दिला. पहिली चूक इथेच झाली. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली नाही. पंधरा दिवसांनी गेलो तर आवक रजिस्टरात आमची नोंदच नव्हती. तेव्हा अर्ज द्याल तेव्हा आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, मागे रांग कितीही कुरकुरली तरी.

दुसरा अर्ज दिला. त्यात मी हौसेने लिहिलं होतं, "सदर भिंतीचे रंगकाम करून कायमस्वरूपी उपक्रम सुरू करण्यास परवानगी मिळावी." मराठीचा मास्तर ना, वाक्य ठसठशीत हवं. 'रंगकाम' या शब्दामुळे फाईल बांधकाम विभागात गेली. तिथल्या साहेबांनी १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा काढला आणि सार्वजनिक भिंतीवर परवानगीशिवाय काही लिहिता येत नाही, असं सांगितलं. मी म्हटलं, परवानगीच मागतोय. ते म्हणाले, मग आमच्याकडे कशाला, जुने कपडे म्हणजे आरोग्य विभाग. आरोग्य विभागाचा प्रश्न, कपडे निर्जंतुक कोण करणार? आम्ही धुऊन-वाळवून देतो असं लेखी दिलं. फाईल पुन्हा बांधकामला आली आणि या खेपेला नवं वाक्य घेऊन आली : "भिंत आपली नाही. पलीकडच्या पाटबंधारे कार्यालयाची आहे."

पलीकडे गेलो. तिथले साहेब सज्जन, चहा दिला. त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. "आमची हद्द त्या लिंबापर्यंत. भिंत नगरपालिकेनेच बांधली असणार, आमच्याकडे तिचं बिल नाही." हेच लिहून द्या म्हटलं तर म्हणाले, "जी आमची नाही तिच्याबद्दल आम्ही कसं लिहून देणार?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

ऑगस्ट संपत आला. मी आणि ती मुलगी दर मंगळवारी तास संपवून नगरपालिकेत जायचो. तिथला लाकडी बाक आमचाच झाला होता. साहेब मीटिंगला, साहेब जिल्ह्याला, साहेब व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर. 'फाईल वर गेली' आणि 'फाईल खाली आली' यातला फरक आम्हाला पावलांच्या आवाजावरून कळायला लागला.

शेवटी भूमी अभिलेखच्या कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि नकाशाची प्रत काढायचं ठरलं. नकलेला एकोणीस दिवस लागले. (नंतर एकाने सांगितलं की बऱ्याच शहरांच्या मिळकत पत्रिका महाभूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या निघतात. हे आधी कळलं असतं तर.) नकाशात भिंत बाजाराच्या हद्दीच्या चांगली आत. मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून नगरपालिकेचंच नाव.

तो कागद मी नगरपालिकेत आमची फाईल असलेल्या टेबलावर ठेवला. तिथल्या मॅडमनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "अहो, मग आपलीच आहे की!"

इथे माझा तोल गेला. अडीच महिने आम्हाला कुत्र्यासारखं फिरवलं वगैरे मी बरंच बोललो. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. मॅडम काही बोलल्या नाहीत, फाईलची नाडी बांधत राहिल्या. बाहेर आल्यावर ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, त्या एकट्याच तीन टेबलं बघतात. मागच्या मंगळवारी त्यांचा डबा चार वाजेपर्यंत तसाच होता." दहा मंगळवार मी त्याच बाकावर बसलो होतो. मला फक्त घड्याळ दिसलं होतं. पुढच्या खेपेला मॅडमची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू द्या, रोजचंच आहे." ते आणखी लागलं.

पण अडकण्याचं खरं कारण सांगितलं शिपाईमामांनी, तेही बाहेर टपरीवर. "सर, तुमचा घोळ भिंतीचा नाहीच. तुम्ही 'कायमस्वरूपी' लिहिलंय. कायम म्हटलं की मालमत्ता द्यायचा विषय होतो, मग ठराव, सभा, सगळं आलं. सही करायला सगळे भितात. 'तात्पुरत्या स्वरूपात, विनाखर्च' लिहा आणि 'रंगकाम' काढा." एका विशेषणाने तीन महिने खाल्ले होते. वर्गात मी विशेषण शिकवतो.

तिसरा अर्ज आठ ओळींचा केला, रंगाऐवजी कापडी फलक. माहिती अधिकाराचा अर्जही दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तयार ठेवला होता, फायलीच्या वर, दिसेल असा. द्यावा लागला नाही. नवव्या दिवशी तीन महिन्यांची परवानगी हातात पडली आणि दिवाळीच्या आधी खुंट्या ठोकल्या.

भिंत सुरू झाल्यावरचं मात्र सांगायला हवं, कारण मुलं तिथेच बदलली. पहिल्या रविवारी अकरा गोण्या आल्या. त्यातल्या चार नुसत्या चिंध्या होत्या : तुटलेल्या चेनच्या पँटी, पिवळ्या पडलेल्या बनियनी, एकाच पायाचा बूट. लोक घर झाडून कचरा आणून टाकतात आणि वर हात जोडतात. तेव्हा अशी भिंत करणार असाल तर घेण्याचं टेबल आणि देण्याची भिंत वेगळी ठेवा आणि टेबलावर स्पष्ट बोलणारी मुलगी बसवा. आमच्या मुलांनी एकच कसोटी ठरवली : हा शर्ट मी उद्या कॉलेजला घालीन का? नाही, तर परत. बी.कॉम.चा एक पोरगा, वर्गात कधी वहीसुद्धा न आणणारा, प्रत्येक स्वेटरची बटणं मोजायचा. कमी असली तर आईच्या डब्यातली आणून लावायचा, रंगाला रंग जुळवून.

फोटोवरून मात्र आमचं वाजलं. कॉलेजला नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, फायलीसाठी जिओटॅग (जागेची नोंद असलेले) फोटो हवे होते, तेही लाभार्थ्यांसह. मी मोबाईल काढला तर त्याच बटणवाल्याने हात आडवा धरला. समोर एक बाई कडेवरच्या पोराच्या अंगाला स्वेटर लावून माप बघत होती आणि आमच्याकडे पाहून अर्धी वळली होती. "सर, त्या जातील निघून." फोटो राहिला. अहवालात आम्ही रिकाम्या खुंट्यांचा फोटो लावला, अक्षांश-रेखांशासह. त्यावर शेरा आला की यात काहीच दिसत नाही.

आणि हो, खुंट्या छातीच्या उंचीवरच ठोका. आम्ही आधी उंच ठोकल्या, बायकांचे हात पोचेनात.

परवानगी जानेवारीत संपते, नेमकी थंडी कडाक्याची आणि टोळ्या गावातच असताना. म्हणून नूतनीकरणाचा अर्ज त्या एस.वाय.च्या मुलीनेच लिहिला. सहा ओळी, 'तात्पुरत्या स्वरूपात' पहिल्याच ओळीत, मिळकत पत्रिकेची प्रत जोडलेली. मंगळवारी आम्ही तो दिला. मॅडमनी दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, आवक क्रमांक लिहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "भिंत कुणाची ते लिहिलंय ना यात?"