ओल्या वजनाचा आणि सुक्या लाकडाचा हिशेब

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या वाडीत चार जुने रायवळ आंबे व दोन फणस मुळासकट आडवे झाले. नारळ-पोफळी किती पडल्या, हे मोजण्याचे त्राण त्या दिवशी घरात कोणालाही नव्हते. तलाठ्यांनी पंचनामा केला, यथावकाश भरपाईही मिळाली, परंतु पडलेले लाकूड वाडीतच राहिले. फणस सुताराने नेले. आंब्याची खोडे आतून पोखरलेली असल्यामुळे फळ्यांसाठी ती कोणी घेईना, म्हणून त्यांचे सरपण करून विकावे, असे मी आणि सासूबाईंनी ठरवले. या व्यवहारातला कोणताही अनुभव आम्हा दोघींना नव्हता.

पावसाळ्यात काहीच करता आले नाही. दसरा झाल्यावर एका लाकूड व्यापाऱ्याला बोलावले. त्याने वाडीत फेरी मारली, ओंडक्यांवर पाय ठेवून पाहिले आणि अंदाजे साडेआठ टन माल धरून टनाला बाराशे रुपये देऊ केले. कापणी आणि वाहतूक त्याची. म्हणजे आम्हाला काही न करता १०,२०० रुपये मिळणार होते. तयार सरपण तेव्हा तालुक्याच्या गावी किलोला सहा-सात रुपयांनी जात होते, हे मला माहीत होते, त्यामुळे हा भाव मला फारच कमी वाटला. मी तसे म्हणताच तो हसून म्हणाला, "वहिनी, आज हे लाकूड नाही, पाणी आहे. सुकल्यावर वजन करा, मग मला सांगा." त्या वेळी मला हे बोलणे भाव पाडण्याची युक्ती वाटले, आणि मी त्याला नकार दिला.

तो खोटे बोलत नव्हता, हे मला एका तुकड्याने शिकवले. कटरवाला तीन दिवस येऊन दीड-दीड फुटाचे तुकडे करून गेला. मग दोन गड्यांनी आठ दिवस घण, पाचर आणि कुऱ्हाडीने ते फोडले. त्यातला एक फोडलेला तुकडा मी किराणा दुकानातल्या काट्यावर तोलला, त्याच्या कापलेल्या तोंडावर गेरूने "४.२" असा आकडा लिहिला आणि तो राशीच्या वरच्या थरात ठेवून दिला. रास रचताना खाली पडलेल्या नारळांची खोडे टाकली होती, कारण नारळाचे खोड जळायला निकृष्ट असले तरी लाकूड जमिनीपासून वर ठेवण्यास उत्तम, आणि कोकणात वाळवीपासून वाचायचे असेल तर ते आवश्यकच आहे. वरून ताडपत्री घातली, बाजू मात्र वाऱ्यासाठी उघड्या ठेवल्या. मार्चमध्ये तोच तुकडा पुन्हा काट्यावर ठेवला, तेव्हा तो दोन किलो नऊशे ग्रॅम भरला. सव्वाचार किलोच्या आतबाहेरच्या एका तुकड्यातून एक किलो तीनशे ग्रॅम पाणी वाऱ्यावर उडून गेले होते.

सरपणाचा भाव ठरवण्यातली खरी अडचण इथेच आहे. माल वजनावर विकला जातो, पण गिऱ्हाइकाला हवी असते उष्णता. ओले लाकूड चुलीत घातले की त्यातले पाणी आधी उकळून वाफ व्हावे लागते आणि त्यात लाकडाचीच बरीचशी उष्णता खर्ची पडते. धूर होतो तो निराळाच. म्हणजे जो विक्रेता घाईने ओला माल काट्यावर ठेवतो, त्याला पाण्याचे पैसे मिळतात, आणि जो पाच महिने जागा अडवून, ताडपत्री घालून माल सुकवतो, त्याचे वजन जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटते. साडेआठ टनांचे सुकून साधारण सहा टन होणार, हे त्या तुकड्यावरून लक्षात आल्यावर मी वहीत नवा हिशेब मांडला. कटरचे दिवसाला अठराशेप्रमाणे ५,४०० रुपये, फोडणीच्या मजुरीचे ८,००० आणि ताडपत्रीचे २,२०० मिळून १५,६०० झाले होते, म्हणजे सुक्या किलोला दोन रुपये साठ पैसे. व्यापाऱ्याचे सोडलेले १०,२०० रुपये सहा टनांवर पसरले की किलोला आणखी एक रुपया सत्तर पैसे येत होते. चार रुपये तीस पैशांच्या खाली विकले तर न विकलेलेच बरे होते, आणि यात माझी स्वतःची मेहनत कुठेच धरलेली नव्हती.

शेवटी घाऊक भाव किलोला पाच रुपये ठेवला आणि घरगुती गिऱ्हाइकांसाठी काथ्याने बांधलेली पंधरा किलोची मोळी शंभर रुपयांना. मोळीचा भाव ठरवताना आणखी एक विचार होता. आमच्याकडे कातकरी बायका रानातले सुके सरपण डोक्यावरून आणून विकतात. त्यांची मोळी स्वस्त असते आणि दिवसभराच्या पायपिटीनंतर तेवढेच पैसे त्यांच्या हाती पडतात. टेम्पोभर माल असलेल्या माणसाने त्यांच्या भावाखाली जाऊ नये, असे सासूबाईंनी स्पष्ट सांगितले, आणि मला ते पटले.

गावातली विक्री सोपी होती, तालुक्याच्या गावच्या बेकरीची मात्र नव्हती. आंबा हे झाड महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे. सुबाभूळ किंवा नीलगिरीचे लाकूड असते तर वाहतूक पासाची भानगड नसती, पण आंब्यासाठी वन खात्याकडे अर्ज, सातबारा उतारा, पंचनाम्याची प्रत आणि वनरक्षकांची प्रत्यक्ष पाहणी असे सगळे आले. यात तीन आठवडे गेले. पास हातात आला, त्याच दिवशी टेम्पोवाल्याने गाडी गॅरेजमध्ये असल्याचे कळवले, आणि पासावर गाडीचा क्रमांक व मुदत दोन्ही असल्यामुळे दुसरी गाडी लावता येईना. मुदत संपली आणि मला पुन्हा अर्ज करावा लागला. यात खात्याला दोष देता येणार नाही. गाडी पक्की करून मग पास काढायचा, हे मला सुचायला हवे होते.

बेकरीच्या मालकांनी माल उतरवण्याआधी दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांवर आपटले. ठण असा आवाज आला, तेव्हा त्यांची मान हलली. ओले लाकूड बद्द वाजते. तरीही ते म्हणाले, "ताई, लाकूड हलकं आहे." मी पिशवीतून गेरूचा आकडा असलेला तो तुकडा काढून त्यांच्याच काट्यावर ठेवला आणि पाच महिन्यांपूर्वीचे वजन दाखवले. घासाघीस तिथेच थांबली. त्यांनी अडीच टन घेतले आणि टेम्पोचे भाडेही दिले.

घरगुती विक्रीसाठी एप्रिल-मे हेच दिवस, कारण आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीत मीठ, मसाला, सुकी मासळी यांच्याबरोबर सरपणही घरात भरून ठेवले जाते. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा करोनाचे निर्बंध लागले आणि खाणावळींनी सांगून ठेवलेला माल घेतला नाही, परंतु घरोघरच्या बंबांसाठी आणि मागीलदारच्या चुलींसाठी दीडशे मोळ्या गेल्या. अर्धा टन लाकूड आम्ही गावकीच्या स्मशानासाठी बाजूला काढले होते. त्याचा भाव ठरवायचा नव्हता आणि त्या वर्षी त्याची गरजही पडली.

मेच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि त्या पावसात राशीवरची ताडपत्री फाटून शिल्लक राहिलेले चारशे किलो लाकूड चिंब भिजले. विक्री तिथेच संपली. बेकरीचे १२,५०० आणि मोळ्यांचे १५,००० मिळून २७,५०० रुपये आले होते. त्यातून १५,६०० रुपयांचा खर्च, मोळ्या बांधण्याचे व काथ्याचे १,२०० आणि पासासाठीच्या फेऱ्यांचे ७५० वजा केले, तेव्हा हातात ९,९५० रुपये राहिले, म्हणजे व्यापारी जे घरबसल्या देत होता त्याहून अडीचशे रुपये कमी. सासूबाईंनी वही दोनदा तपासली. चूक बेरजेत नव्हती. सहा टनांतले सव्वा टन लाकूड, म्हणजे स्मशानाचे, घरात जाळलेले आणि भिजलेले, मी भाव ठरवताना विकले जाणारच असे धरून चालले होते. हा घटीचा हिस्सा आधीच धरला असता, तर मोळी शंभरात देता आली नसती.

भिजलेले चारशे किलो ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सुकवले आणि ते दिवाळीच्या आंघोळीला आमच्या व शेजारच्या दोन घरांच्या बंबांत गेले.