लाभार्थ्यांची यादी

तालुक्याच्या गावातला सीए म्हणजे पतसंस्था, दूध संस्था आणि देवस्थानं. कंपनीचं ऑडिट वर्षातून एखादं आलं तर आलं. देवस्थानाचं ऑडिट सोपं असेल असं बाहेरच्याला वाटतं, पण ते जवळजवळ सगळं रोखीचं असतं, आणि देणाऱ्याला पावती नको असते. दानपेटीला दोन कुलुपं, किल्ल्या दोन वेगळ्या विश्वस्तांकडे, उघडताना पंचनामा, शेजारी बँकेचा माणूस. नोटांबरोबर चांदीचे डोळे, पाळणे, नवसाच्या चिठ्ठ्या निघतात. 2016 साली बाद झालेली पाचशेची नोट अजूनही एखादी सापडते. कुंकू आणि तेलाने चिकट झालेली नाणी घ्यायला बँक नाक मुरडते, म्हणून ती आधी सोड्याच्या पाण्यात धुवायची, वाळवायची, मग मोजायची. पावसाळ्यात हा कार्यक्रम बघण्यासारखा असतो.

ज्या देवस्थानाबद्दल लिहितोय तिथले अध्यक्ष निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही. मला त्यांनी चौथीत शिकवलंय. गळ्यात माळ, पंढरीची वारी चुकवलेली नाही, आणि हिशोबाला इतके काटेकोर की मोजणीच्या दिवशीचा चहासुद्धा संस्थेच्या खर्चात पडू देत नाहीत. माझ्याकडच्या संस्थांत व्हाउचरला व्हाउचर लागणारी ही एकमेव फाइल. (गावाचं आणि देवाचं नाव सांगणार नाही. रकमा आणि आकडेही थोडे इकडचे तिकडे केलेत. अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय फोडणं आमच्याकडे गैरवर्तन ठरतं, आणि ते योग्यच आहे.)

याच मंडळींनी काही वर्षांपूर्वी दुसरा ट्रस्ट काढला. तेच विश्वस्त, तोच पत्ता, फक्त नावात ‘सेवा’. कारण साधं आहे. निव्वळ धार्मिक ट्रस्टला सहसा ऐंशी-जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता, मिळत नाही, आणि 2021 पासून ऐंशी-जी आणि सीएसआर-वन नोंदणी नसलेल्या ट्रस्टमार्फत कंपनी आपला सीएसआरचा, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर घालायचा, पैसा खर्च करू शकत नाही. म्हणून देवळाच्या शेजारी सेवा ट्रस्ट उभा राहतो. यात गैर काही नाही. त्यांतले काही उत्तम दवाखाने चालवतात.

2024 च्या उन्हाळ्यात रस्त्याची कामं घेणारी एक कंपनी सेवा ट्रस्टकडे आली. तिचा तीन वर्षांचा सरासरी नफा नऊ कोटी, त्याचे दोन टक्के म्हणजे अठरा लाख. कंपनी कायद्याच्या 135 कलमाखाली ते खर्च करणं तिला भाग होतं. करारात प्रकल्पाचं नाव ‘ज्येष्ठ महिलांसाठी आरोग्य तपासणी व पोषण कार्यक्रम’. परिशिष्ट सातमधल्या पहिल्याच बाबीत, म्हणजे भूक, कुपोषण आणि आरोग्यात, अगदी चपखल बसणारं. पैसे बँकेतून आले आणि बँकेतूनच गेले. एप्रिल 2025 मध्ये कंपनीच्या कंपनी सेक्रेटरीचा मेल आला, की सोबतच्या नमुन्यात विनियोग प्रमाणपत्र द्यावं. मजकूर एका पानाचा: अठरा लाख मिळाले, अठरा लाख मंजूर प्रयोजनासाठीच खर्च झाले. खाली माझी सही, शिक्का आणि अठरा अंक-अक्षरांचा यूडीआयएन, म्हणजे सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्राचा वेगळा ओळख क्रमांक.

ही कामं आमच्याकडे कशी होतात ते सांगतो. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, नाव आणि तारीख बदलायची, प्रिंट काढायची. तालुक्यात यासाठी हजार-दोन हजार घेतात आणि दुपारच्या चहाआधी उरकतात. मी व्हाउचरं बघितल्याशिवाय सही करत नाही म्हणून मला ‘स्लो’ म्हणतात. म्हणोत.

व्हाउचरं आली. खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा आरोग्यावर नव्हता, ‘लाभार्थी वाहतूक’ या शीर्षाखाली होता. साठ गाड्या, गाडीमागे सतरा हजार, एकूण दहा लाख वीस हजार. तपासणीला इतक्या गाड्या कशाला, म्हणून बिलं बाहेर काढली. ट्रॅव्हल्सवाल्याने मार्ग प्रामाणिकपणे लिहिलेला: औदुंबर, नरसोबाची वाडी, अंबाबाई, जोतिबा, परत. श्रावणात रोज दोन गाड्या. वाटेत एका मंगल कार्यालयात जेवण, ते ‘पोषण’. तिथेच टेबल टाकून रक्तदाब आणि शुगर बघायची, ती ‘आरोग्य तपासणी’. नोंदवहीत दोन हजार आठशे बायकांची तपासणी, आणि मेडिकलच्या दुकानाचं बिल शुगरच्या तीनशे पट्ट्यांचं. गुरुजींच्या फाइलची हीच गंमत आहे. तिथे बिल वाढवून घेतलेलं नसतं, त्यामुळे जे घडलं ते तसंच्या तसं कागदावर दिसतं.

इथवर मी कपाळाला आठ्या घालून का होईना, काहीतरी वाट काढली असती. मधुमेहाची म्हातारी माणसं देवदर्शनाला नेली, जेवू घातली, रक्तदाब बघितला. प्रकल्पाचं नाव फुगवलेलं आहे, एवढंच. पण माझ्याकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करणारी मुलगी प्रवाशांच्या याद्या टिक करत होती. ती म्हणाली, “सर, या नंबरांना उड्या का आहेत?”

यादी हातात घेतली. एका गाडीच्या यादीत पहिला अनुक्रमांक 312. मग 315, 316, 321, 328. एक ते अठ्ठेचाळीस असायला हवे होते. नावापुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, मग घर क्रमांक, वय आणि शेवटी ओळखपत्राचा क्रमांक: तीन अक्षरं, सात आकडे. आधार नव्हे, मतदार कार्ड. वरच्या कोपऱ्यात पेनने ‘भा. 83’. टाइप करणाऱ्याने मतदार यादी उघडली, भाग 83 मधून पंचेचाळीसच्या वरच्या बायका उचलल्या आणि अनुक्रमांक बदलायचा कंटाळा केला. आम्ही साठही याद्या जमिनीवर मांडल्या आणि भागानुसार लावल्या. 79 ते 91 पर्यंत सगळे भाग सापडले, 86 मात्र नाही. 89 मधल्या जेमतेम अर्ध्या गाडीइतक्या. भाग 86 म्हणजे ओढ्यापलीकडची वस्ती. ती मतं कुठे जातात हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

आमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशी हे सगळं बघत होत्या. त्या मूळच्या मंगळवेढ्याकडच्या, नवऱ्याच्या कामामुळे इथे बारा-पंधरा वर्षं भाड्याने राहतात. म्हणाल्या, “मी गेल्ते की नाव द्यायला. कार्ड हितलं हाय का इचारलं. न्हाई म्हनलं तर म्हनले, म्होरल्या खेपंला बघू.” त्यांना शुगर आहे आणि नवऱ्याच्या माघारी घर त्याच चालवतात. करारात लाभार्थीची जी व्याख्या लिहिली होती, ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल ज्येष्ठ महिला’, ती माझ्या ओळखीत त्यांच्याइतकी कुणाला लागू पडत नाही. यादीत मात्र दोन बागायतदारांच्या आणि एका पेट्रोल पंपवाल्याच्या घरातल्या बायका होत्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आणि सचिव ऑफिसात आले. सचिव तरुण आहे, प्लॉटिंगच्या धंद्यात आहे आणि ज्यांनी पहिल्या गाडीपुढे नारळ फोडला त्या साहेबांचा माणूस आहे. मी यादी पुढे केली. तो जराही गडबडला नाही.

“साहेब, मतदार यादी म्हणजे गावाचीच यादी की. दुसरी आणायची कुठनं? रेशनची तहसीलदार देईनात. आणि आचारसंहिता लागली पंधरा ऑक्टोबरला. आमची शेवटची गाडी श्रावणातच माघारी आली.”

तारीख त्याला तोंडपाठ होती. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं.

“मग भाग 86 कुठाय?”

“गाड्या संपल्या.”

गुरुजींना 86 म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. ते सचिवावर चिडले, “मला तू भजनी मंडळांची यादी म्हणाला होतास.” त्याने खांदे उडवले. मग ते माझ्याकडे वळले. “अरे, पण एक पैसा तरी इकडचा तिकडं झालाय का, ते सांग.”

“नाही, गुरुजी.”

“मग सही का अडवतोस?”

मी 1988 चा धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा कायदा काढून दाखवला. देवस्थानाची जागा किंवा पैसा राजकीय कामासाठी वापरायला त्यात बंदी आहे, आणि गाड्या देवळाच्या पटांगणातून सुटल्या होत्या. सचिव म्हणाला, पैसा सेवा ट्रस्टचा, तो देवस्थान नव्हे. वकील हेच म्हणेल, मला ठाऊक होतं. ज्या सोयीसाठी दुसरा ट्रस्ट काढला ती सोय इथेही उपयोगी पडते.

गुरुजींचं पुढचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. “त्यातल्या कितीतरी जणींनी अंबाबाई पहिल्यांदा बघितली. एकीनं तर वाडीत पाण्यात उभं राहून मला नमस्कार केला. त्यांचं दर्शन खोटं म्हणायचं का आता?”

मी काही बोललो नाही. दर्शन खोटं नव्हतंच. माझी अडचण दर्शनाशी नाही, भाड्याशीही नाही. पूर्वी गावचा सावकार भंडारा घालायचा तेव्हा पंगतीत नावं वाचून बसवत नव्हते, असं म्हणायचा मोह होतो. पण पंगतीला ओढ्यापलीकडचे लोक तेव्हाही वेगळेच बसायचे, हे गुरुजींनाही माहीत आहे आणि मलाही. बदललं एवढंच, की आता तो भेद एका कंपनीच्या सीएसआर अहवालात ‘पोषण’ म्हणून छापला जाणार आणि त्याखाली माझी सही हवी होती.

संध्याकाळी कंपनी सेक्रेटरीचा फोन आला. पुण्यातली मुलगी, बोलायला नम्र, कायद्याला पक्की. मी तिला कंपनी कायद्याच्या कलम 182 ची आठवण दिली. एखाद्या राजकीय पक्षाला जनतेचा पाठिंबा मिळण्यावर परिणाम होईल अशा कामासाठी कुणाला दिलेला पैसाही तिथे राजकीय देणगीत मोडू शकतो, आणि राजकीय देणगी सीएसआरमध्ये धरता येत नाही. ती शांत झाली, मग म्हणाली, “सर, बोर्डाने खात्री करायची असते. बोर्ड सीएफओंचं, म्हणजे वित्तप्रमुखांचं, सर्टिफिकेट मागतं. सीएफओ म्हणतात, ट्रस्टच्या सीएचं आणा.” म्हणजे खात्री करण्याची जबाबदारी वरून खाली घरंगळत तालुक्याच्या दीड खोलीच्या ऑफिसात येऊन पडली होती. तिची कीव आली. तिचा साहेब कधीच फोनवर आला नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना नाव न कळता देणगी देता येणारे निवडणूक रोखे रद्द केले तेव्हा आमच्या टॅक्स बारच्या, म्हणजे कर सल्लागारांच्या संघटनेच्या, चहाच्या टेबलावर एकजण म्हणाला होता, “रोखे गेले, आता गाड्या येतील.” हसलो होतो सगळे. खरं तर गाड्या आधीपासूनच होत्या. निवडणुकीच्या वर्षी देवांची आठवण सगळ्याच पक्षांना येते. नवीन होतं ते गाडीचं भाडं कुठल्या खात्यातून निघालं, ते.

मी प्रमाणपत्र दिलं, पण त्यांच्या नमुन्यात नाही. रकमा शीर्षवार लिहिल्या. पट्ट्या तीनशे, तपासण्या दोन हजार आठशे, हे लिहिलं. लाभार्थी निवडीचे निकष कागदोपत्री आढळले नाहीत. प्रवाशांच्या याद्या विधानसभा मतदार यादीच्या भाग व अनुक्रमांकांनुसार असून सलग भागांपैकी एक पूर्णपणे वगळलेला आहे, हेही लिहिलं. एकही विशेषण वापरलं नाही. यूडीआयएन काढला आणि गुरुजींच्या हातात दिलं.

ते कंपनीकडे गेलंच नाही. गेलं असतं तर कंपनी पैसे परत मागू शकली असती, आणि सेवा ट्रस्टच्या खात्यात दोन लाखसुद्धा नव्हते. दुसऱ्या कुणाचं तरी ‘नमुन्यातलं’ प्रमाणपत्र आठवड्याभरात गेलं, असं सचिवानेच मला रस्त्यात थांबवून सांगितलं, न विचारता.

जूनमध्ये सेवा ट्रस्टने ऑडिटर बदलला. त्यामुळे वार्षिक अहवालातल्या ‘ट्रस्टचा निधी ट्रस्टच्या उद्देशाखेरीज अन्य कारणासाठी वापरला गेला आहे काय’ या प्रश्नापुढे मला काही लिहिता आलं नाही. धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या त्या फॉर्ममध्ये सगळीकडे ‘नाही’ आधीच टाइप केलेलं असतं. देवस्थानाचं ऑडिट मात्र गुरुजींनी हलवू दिलं नाही. त्या बैठकीत सचिवाशी त्यांचं वाजलं म्हणतात.

नियमाप्रमाणे नव्या ऑडिटरने मला पत्र पाठवलं: आपली काही व्यावसायिक हरकत आहे का? ओळखीचाच आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पत्राच्या आधी फोन केला, “दादा, नुसतं ‘हरकत नाही’ लिहा, बाकी मी बघतो.” मी रजिस्टर्ड पोस्टाने उत्तर पाठवलं. माझ्या प्रमाणपत्राची प्रत जोडली आणि खाली लिहिलं, की प्रवाशांच्या याद्या मूळ स्वरूपात तपासाव्यात, नव्याने टाइप केलेल्या घेऊ नयेत. पोचपावती आली. त्याने ऑडिट स्वीकारलं. याद्या मागितल्या की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही. टॅक्स बारमध्ये भेटतो तेव्हा तो जीएसटीबद्दल बोलतो.