लावली किती, जगली किती

माझ्या वडिलांची, अण्णांची पहिली वही अजून माझ्याकडं आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेली, १९९१ सालची. आत तीनच रकाने: नाव, लावली, जगली. पैशाचा रकानाच नाही. कृषी पदविका घेऊन घरी आलो तेव्हा मला या वहीचं हसू यायचं. रोप विकलं, पैसे आले, विषय संपला. पुढं ते जगलं का मेलं, हे आपण कशाला लिहून ठेवायचं? पण सांगोल्यात डाळिंबाच्या गुट्या, म्हणजे झाडावरच्या काडीलाच मुळ्या फोडून केलेली रोपं, विकणाऱ्या आमच्या रोपवाटिकेची वाटचाल सांगायची, तर त्या तिसऱ्या रकान्याशिवाय सांगता येत नाही.

त्याच्याही आधी बाहत्तर. १९७२च्या दुष्काळात अण्णा तेरा वर्षांचे होते. आजी खडी फोडायला जायची आणि अण्णा पाझर तलावाच्या बांधावर मातीच्या पाट्या टाकायचे. घरात अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, कामावर सुकडी. मिलोचं नाव काढलं तरी आजी तोंड वाकडं करायची आणि लगेच म्हणायची, "पर त्येच्यावरच जगलो बाबा." तीन एकर रान होतं आमचं, पण मुरमाड. आमच्या माणदेशी पट्ट्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मर्जीचा. बाजरी आली तर आली. दिवाळी झाली की घरांना कुलपं लागायची आणि माणसं ऊसतोडीला जायची. मुकादमाकडून एकदा उचल घेतली की ते सहा महिने त्याचे.

दुष्काळ सरला, पण रोजगार हमीची कामं सरली नाहीत. कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, त्यांच्या तासगाव भागात ती आधी करून पाहिलेली होती. पुढं १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, बाईला आणि बाप्याला मजुरीचा दर एकच. पैसा कुठून आणायचा? तर १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'पीटी' म्हणून जी रक्कम कापलेली दिसते ना, तीच ती. त्या पैशातून आमच्याकडं तलाव झालेत, हे कापून घेणाऱ्यांना माहीत नसतं आणि खणणाऱ्यांनाही नव्हतं.

या कामांनी एक गोष्ट केली, ती मोजपट्टीवर दिसत नाही. बागायतदाराच्या बांधावर उभं राहून "द्याल ते द्या" म्हणणारी बाई "तिकडं हमीच्या कामावर एवढं मिळतंय" असं म्हणायला लागली. गावातली मजुरी वाढली ती यामुळं. मोठ्या शेतकऱ्यांना ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. "लोकं आळशी झाली," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. खडी फोडणाऱ्या बाईला आळशी म्हणायला फार मोठं काळीज लागतं.

तरी पण मजुरीनं पोट भरायचं आणि तिथंच थांबायचं. अण्णा सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर लागले आणि तिथं गुटी बांधायला शिकले. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वर्षभराची काडी निवडायची. इंचभर साल गोल काढायची, वरच्या कापाला मुळ्या फुटायचं संजीवक लावायचं, ओलं शेवाळ गुंडाळून प्लास्टिकनं घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळ्या दिसायला लागतात. त्या पांढऱ्याच्या तपकिरी झाल्या की काडी कापून पिशवीत लावायची. ऐकायला सोपं आहे. साल काढताना चाकू आत लाकडाला लागला की काडी गेली, आणि गाठ सैल राहिली तर पाणी शिरून शेवाळ कुजतं.

१९९० साली सरकारनं रोजगार हमीला फळबाग जोडली आणि आमचा धंदा जन्माला आला.

लोक म्हणतात गरिबाला बाग परवडत नाही. खरं आहे, पण का परवडत नाही ते पाहा. रोप महाग होतं म्हणून? ते अण्णा चार रुपयाला द्यायचे आणि दोन रुपये उधार ठेवायचे. डाळिंबाला मुरमाड रान चालतं, उलट काळ्या मातीपेक्षा बरं. पाणी तोडून ताण दिला की झाड जास्त फुलतं, म्हणजे आमचा दुष्काळही त्याच्या कामाचा. पाझर तलावामुळं खालच्या विहिरींना माघापर्यंत पाणी राहायला लागलं होतं. सगळं होतं. अडचण एकच: लावल्यापासून दोन-अडीच वर्षं झाड नुसतं खातं. तेवढे दिवस ज्याला थांबता येतं, त्याचं ते झाड. ज्याला शनिवारच्या बाजाराला पैसे लागतात, त्यानं बाजरीच पेरायची आणि ऊस तोडायला जायचं, त्याला दुसरा इलाज नाही.

त्या योजनेनं हे थांबणं विकत घेतलं. स्वतःच्याच रानात दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा घ्यायचा, रोप लावायचं, पाणी घालायचं आणि त्याची मजुरी सरकारकडून घ्यायची. अण्णांचा एक चुलतभाऊ तर ऐकायलाच तयार नव्हता. "माझ्याच रानात मी खड्डा घ्यायचा आन पगार सरकारनं द्यायचा? कायतरी घोळ हाय यात. उद्या रान लिहून घेतील." अनुदान तीन वर्षांत विभागलेलं आणि झाडं जगली तरच पुढचा हप्ता. म्हणून 'जगली' हा रकाना. अण्णा सायकलवर रोपं घेऊन जायचे आणि दोन महिन्यांनी परत जाऊन मोजायचे. मेलेल्याच्या जागी दुसरं द्यायचे, फुकट. त्यांचं गणित साधं होतं: त्याचा हप्ता थांबला तर माझी उधारी बुडाली.

घोळ झालेच. कागदावर डोलणाऱ्या आणि रानात नसलेल्या बागा मीही पाहिल्यात. ज्याला सातबाराच नाही, त्याला या सगळ्यात फक्त खड्डे खणायची मजुरी मिळाली. आमच्या धंद्याची ही बाजू सांगायला कुणाला आवडत नाही.

पहिल्या हंगामात सहाशे गुट्या गेल्या. वाण 'गणेश', पुण्याच्या गणेशखिंडीतला, १९३६ सालचा. पुढं राहुरीच्या विद्यापीठाचा 'भगवा' आला आणि चित्रच पालटलं. गर्द केशरी साल, लाल दाणा, लांबच्या प्रवासाला टिकणारा. २००४ साली मी रोपवाटिकेत आलो तेव्हा जो तो भगवाच मागत होता आणि आमच्याकडं सावली करायला शेडनेट नव्हतं. बँकेत गेलो. साहेबांनी विचारलं, तारण काय? म्हणालो, मातृवृक्ष आहेत, म्हणजे ज्यांच्या काड्यांची रोपं करतो ती झाडं, ऐंशी. ते हसले. त्यांच्या वहीत झाडाला रकाना नव्हता.

शेवटी पैसे दिले ते आईच्या बचत गटानं. पंधरा हजार. मुलगा कृषी पदविकाधारक आणि कर्ज मिळालं आईच्या सहीवर, ती सहीही तिनं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलेली. शेजारच्या म्हसवडला बायकांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली, तेव्हा निरक्षर सभासद आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. मग त्या बायका लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. ही गोष्ट आमच्या गटात दर बैठकीला कुणीतरी सांगायचंच. गटाचं व्याज बँकेपेक्षा जास्त होतं, हेही खरं. पण गटाला मातृवृक्ष म्हणजे काय ते ठाऊक होतं. निम्म्या जणी आमच्याकडंच गुट्या बांधत होत्या.

पुढची पाच-सहा वर्षं नुसती धावपळ. आणि त्याच धावपळीत आमच्याकडून मोठी चूक झाली. तेल्या रोग आला होता. पानावर, फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं. मागणी इतकी होती, की मी एका वर्षी ओळखीच्या बागेतून काड्या आणून गुट्या बांधल्या. झाडं नीट तपासली नाहीत. रोपांबरोबर रोग गेला. अकरा शेतकऱ्यांच्या बागा. त्यातले नऊ मोठे होते, ते मला शिव्या देऊन दुसरीकडून रोपं घेऊन मोकळे झाले. दोघं मात्र पहिल्यांदाच बाग लावणारे. एक पुन्हा ऊसतोडीला गेला. अण्णांनी मला काही बोललं नाही, फक्त ती लाल वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. त्या अकराही जणांना नवी रोपं देऊ केली. ऊसतोडीला गेलेल्यानं ती घेतली नाहीत. तेव्हापासून बाहेरची काडी आमच्याकडं येत नाही.

बागा लागल्या त्या घरांत पैसा आल्यावर पहिलं काय झालं, हे मी रोपं पोचवायला जाताना बघत आलोय. आधी गाडी येत नाही, लोक उगाच म्हणतात. आधी सावकाराचं तोंड बंद होतं. मग पत्र्याचं छप्पर जाऊन स्लॅब पडतो, मग संडास, मग गॅस. आणि पोरगी सातवीनंतरही शाळेत जायला लागते, कारण आईबाप ऊसतोडीला जात नाहीत आणि धाकट्याला सांभाळायला तिला घरी ठेवावं लागत नाही. नीती आयोगानं आता गरिबी अशीच मोजायला घेतली आहे: बारा निकष, त्यात पोषण, शाळा, सरपण, पाणी, घर, बँक खातं. त्या मापानं २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात देशातली गरिबी २४.८५ टक्क्यांवरून १४.९६ वर आली आणि महाराष्ट्रातली १४.८० वरून ७.८१ वर. आकडे चांगले आहेत, मला ते खोटेही वाटत नाहीत. फक्त एक तेरावा प्रश्न मी विचारला असता: उत्पन्न बंद पडलं तर किती महिने काढाल?

कारण तो प्रश्न आमच्याकडं दोनदा आला. २०१२-१३ला पाणी गेलं. गुरं छावणीत आणि बागेला टँकर. शेततळं असलेल्यांनी झाडं जगवली, बाकीच्यांनी दागिने मोडून टँकर घेतले. पाणी हाच आमचा राजकारणाचा विषय. इथून अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख जन्मभर त्याच्याच मागं होते, आणि टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी तालुक्यातल्या काही गावांना मिळायला लागलं. २८ डिसेंबर २०२० ला शंभरावी किसान रेल, म्हणजे शेतमाल नेणारी गाडी, सांगोल्याहून निघाली, थेट पश्चिम बंगालातल्या शालिमारला. डाळिंबाचे क्रेट चढताना बघायला अण्णा स्टेशनावर जायचं म्हणत होते, पण कोरोनाच्या भीतीनं आम्ही जाऊ दिलं नाही. त्याची खंत त्यांना अजून आहे.

आणि त्याच सुमाराला खोडकिडा. आधी अतिपाऊस, मुळ्या गुदमरलेल्या, मर रोग होताच. मग खोडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, त्यातून भुसा, आणि आठवड्याभरात उभं झाड वाळलेलं. २०२१-२२ ला लोकांनी जेसीबी लावून बागा उपटल्या. आमची विक्री तीन लाख रोपांवरून वीस हजारांवर आली. माणसं निम्मी कमी केली, सीताफळ, पेरू आणि शेवग्याची रोपं करायला घेतली. शेवग्यानं त्या वर्षी घर चालवलं. डाळिंबवाल्यानं हे कबूल करणं कमीपणाचं समजतात, पण खरं ते खरं.

त्या दोन वर्षांत कोण टिकलं? ज्यांच्या घरी चार शेळ्या होत्या, म्हशीचं दूध डेअरीला जात होतं, पोरगं पुण्याला कंपनीत लागलं होतं, ते. बागेवरच सगळं लावलेले मोठमोठे बंगलेवाले कर्जात गेले, आणि एका एकराची बाग व दहा शेळ्या असलेली माणसं दुसऱ्या वर्षी माझ्याकडं नवी रोपं मागायला आली. सरकारला विचारलं कुणी मला, तर मी म्हणेन अनुदान रोपाला कमी द्या, पण मर पडलेल्या वर्षी माणसाला गावातच काम द्या.

आमच्याकडं एक मावशी आहेत, २००५ पासून गुट्या बांधतात. त्यांच्या नावावर कधीच रान नव्हतं. हातानं दिवसाला जेवढ्या गुट्या बांधतात, तेवढ्या कुणाच्या होत नाहीत, आणि त्यांच्या गाठीतली काडी क्वचित फुकट जाते. गेल्या वर्षी गटाचं कर्ज, स्वतःची शिल्लक आणि सुनेच्या शिलाईचे पैसे घालून त्यांनी वीस गुंठे विकत घेतले. या मृगाला दीडशे डाळिंबं लावायची आहेत. सोबत दोन शेळ्या ठेवल्यात. पैसे तिसऱ्या वर्षी देणार म्हणाल्या, मी हो म्हणालो. वहीत नाव लिहिलंय, पुढचे दोन्ही रकाने अजून कोरे आहेत.

रोपं त्यांनी स्वतःच निवडायला घेतली आहेत. सगळी त्यांच्याच हातची, तरी काल सात बाजूला काढली. "ह्यांच्या मुळ्या एकाच अंगाला हायत," म्हणाल्या, "ही मोठ्या गिऱ्हाइकाला द्या."