पोच येईपर्यंत

आमचं रान नारायणगावाहून खोडदला जाताना लागतं. बांधावर उभं राहिलं की जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या दोन डिश दिसतात. परवा टोमॅटोचे क्रेट भरताना आबांनी विचारलं, "तुझी ती काचेची तार एवढी वेगवान, मग माल पोचायला दिवस कसा लागला रं?"

रडगाणं माझंच होतं. नेदरलँड्समधल्या सहकाऱ्याला 2 टेराबाइट निरीक्षणं पाठवायची होती. पुण्यात आमच्याकडे नॅशनल नॉलेज नेटवर्कची, म्हणजे संशोधन संस्थांना जोडणाऱ्या जाळ्याची जोडणी, वाट सेकंदाला 10 गिगाबिटची. कागदावर अर्धा तास. लागले वीस तास. आधी केबलवर खापर फोडलं, मग पलीकडच्यांवर. चूक निघाली माझ्याच मशिनच्या सेटिंगमध्ये.

"आबा, समजा वाशीला एक टेम्पो पाठवला. त्याची पोच आल्याशिवाय दुसरा हलवायचाच नाही. काय होईल?"

"टोमॅटो सडतील."

तेच झालं होतं. काचेत उजेड सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो, पण समुद्रातली केबल काही विमानासारखी सरळ जात नाही. जाऊन यायला 150 मिलिसेकंद लागत होते. रस्ता भरून वाहायचा तर तेवढ्या वेळात 187 मेगाबाइट वाटेवर हवेत. माझं मशीन 4 मेगाबाइट सोडून पोचेची वाट बघत बसायचं. म्हणजे सेकंदाला जेमतेम 220 मेगाबिट! दोन्हीकडची बफरं, म्हणजे पोच येईपर्यंत माल ठेवायची जागा, वाढवली, तासाभरात काम झालं. अर्धा तास काही जमला नाही. वाटेत डेटाचं एखादं पाकीट हरवलं की टीसीपी, म्हणजे ही पाठवणी आणि पोच सांभाळणारा नियमसंच, बिचकतो, वेग एकदम उतरवतो, आणि लांब पल्ल्यावर तो पुन्हा चढायला फार वेळ घेतो.

"मग ह्या डिशवाले बी पोचेची वाट बघत्यात?"

नाही. तिथे 30 अँटेना 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. प्रत्येकीचा सिग्नल तसाच उजेडावर बसवून फायबरमधून, म्हणजे काचेच्या तारेतूनच, खोडदच्या केंद्रात आणतात. पोच नाही, पुन्हा मागवणं नाही. भानगड वेगळीच: फायबरच्या दर किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद उशीर. म्हणून जवळच्या अँटेनाचा सिग्नल केंद्रात रोखून धरतात, लांबचा आला की मग सगळे एकत्र जुळवतात.

आबा क्रेट उचलत म्हणाले, "आमच्या मार्केटात उलटं. जवळचा लिलाव उरकून घरी जेवायला बसतो, लांबचा अजून गेटावर."