आमची वाटचाल : आधी भार मोजायचा, मग जनरेटर निवडायचा

नाशिकच्या सातपूरला आमचे मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचे, छोटे दुकान होते. 2005 साली राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, त्याच सुमारास भारनियमन इतके वाढले की जळालेल्या मोटारींबरोबर लोक पेट्रोलवर चालणारे छोटे जनरेटरही दुरुस्तीला आणू लागले. त्यातूनच पुढे यंत्रे भाड्याने देणे आणि मग विक्री सुरू झाली.

सुरुवातीची एक चूक मला आजही बोचते. इंदिरानगरमधील एका बंगल्यासाठी आम्ही दिवे, पंखे, फ्रिज आणि एक अश्वशक्तीची पाण्याची मोटार यांच्या वॅटची सरळ बेरीज केली, ती सव्वा किलोवॅटच्या आसपास आली म्हणून 2 केव्हीएचा (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचे एकक) जनरेटर दिला. मोटार सुरू करताच इंजिनाचा आवाज बसला, दिवे मंदावले आणि ब्रेकर पडला. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट हे खरे, परंतु ते मोटारीच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, मिळणारे काम असते. मोटार वीज त्याहून जास्त घेते आणि सुरू होतानाच्या क्षणी तिचा प्रवाह नेहमीच्या पाच ते सात पट होऊ शकतो. शिवाय पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, 0.8 धरला, तर 2 केव्हीएमधून 1.6 किलोवॅटच मिळतात. रोज मोटारी उघडणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे आधीच सांगायला हवे होते. ते यंत्र आम्ही पूर्ण किमतीला परत घेतले.

तेव्हापासून घरी जाऊन क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखे लावायचे मोजयंत्र) प्रवाह मोजल्याशिवाय आम्ही यंत्र सुचवत नाही. वीज असतानाच पाण्याची टाकी भरून ठेवली आणि मोटार जनरेटरवर घेतलीच नाही, तर पुष्कळ घरांना लहान यंत्र पुरते. आणि तासा-दोन तासांसाठी केवळ दिवे-पंखे हवे असतील, तर बॅटरीचा इन्व्हर्टर घ्या, असे आम्ही स्पष्ट सांगतो. संगणकासारखी नाजूक उपकरणे असतील, तर इन्व्हर्टर पद्धतीचा (तयार होणाऱ्या विजेवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण ठेवणारा) जनरेटर महाग असला तरी योग्य, कारण त्याचा व्होल्टेज स्थिर राहतो.

मात्र दोन बाबतींत आम्ही तडजोड करत नाही. पहिली जागेची : धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो जीव घेतो, म्हणून पाऊस असला तरी यंत्र बंद पार्किंगमध्ये, जिन्याखाली किंवा बंदिस्त गॅलरीत ठेवू देत नाही, ते उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून दूर, वरून आडोसा करूनच चालवायचे. दुसरी जोडणीची. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसून घर उजळवण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्या वेळी मेन स्विच चालू राहिला, तर वीज उलटी रोहित्राकडे (ट्रान्सफॉर्मरकडे) जाते, तेथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा त्यात बळी जाऊ शकतो. म्हणून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच, बसवल्याशिवाय आम्ही यंत्र हवाली करत नाही. गेल्या पावसाळ्यात त्याचा खर्च नको म्हणणारे दोन ग्राहक आम्ही परत पाठवले.